परदेशातल्या मामाचं रक्त

८ जानेवारी

ताई,

मायना लिहायला बसलो आणि तिथेच अडलो. 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील, याला आत्ता बरं प्रेम फुटलं. 'तीर्थरूप' लिहावं तर तेवढी म्हातारी तू झालेली नाहीस. म्हणून नुसतं ताई.

रक्त जुळलं. भावोजींनी सांगितलंच असेल, पण मला ते माझ्या तोंडानं सांगायचं होतं. फोन तू घेत नाहीस आणि भावोजी माझ्याशी असं बोलतात की जणू मी काचेचं भांडं आहे. "नाही म्हणजे, जमलं तर बघ, ताण घेऊ नकोस हं." अहो, तुमच्या बायकोला रक्ताचा कर्करोग झालाय आणि ताण मी घेऊ नको?

रक्त जुळवणाऱ्या बाई फार छान बोलल्या. म्हणाल्या, शरीराच्या पहारेकऱ्यांची जनुकं असतात, आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणारी. ती माळेसारखी एकत्र येतात. एक माळ आईकडून, एक वडिलांकडून. कुणाच्या वाट्याला कुठली येईल ते नशीब. तुझ्या-माझ्या वाट्याला दोन्ही माळा त्याच आल्या. मला हसूच आलं. जन्मात आपलं एका गोष्टीवर पटलं नाही आणि पहारेकरी मात्र एकाच गावचे निघाले.

आता एकच अडचण. तुझ्या सासरी मी परदेशात इंजिनिअर आहे. कुठल्या देशात ते मला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर तिथली हवा-बिवा तरी वाचून ठेवली असती. आई गेली तेव्हा तू मला मागच्या दारानं आत घेतलंस आणि माणसं जमायच्या आत मागच्याच दारानं बाहेर काढलंस, ते निभावलं. पण बोनमॅरो द्यायला येईन तेव्हा काय सांगशील? सूट घालून येऊ का? माझ्याकडे नगरपालिकेच्या बागखात्याचा खाकी शर्ट आहे, खिशावर झाडाचं चित्र असलेला. बोलूनचालून गणवेश आहे, विमान कंपनीचा म्हणून खपेल.

राग नाही असं लिहिणार होतो. आहे. पण तो बाजूला ठेवून येतो. बोलव.

तुझं,
शेपूट


१७ जानेवारी

ताई,

नाही म्हणालीस!

भावोजी आधी बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "तिनं कुठेतरी वाचलंय. तुझा तो स्किझोफ्रेनिया आणि प्रतिकारशक्तीची जनुकं यांचा काही संबंध आहे म्हणे. आणि बोनमॅरो म्हणजे तर अख्खी प्रतिकारशक्तीच बदलायची. ती म्हणते, घरात वयात आलेली पोर आहे. आईच तशी वागायला लागली तर?"

मी विचारलं, "तशी म्हणजे कशी, भावोजी?"

ते पुन्हा खोकले.

तशी म्हणजे माझ्यासारखी. मला कळत नाही असं थोडंच आहे? म्हणजे मरण चालेल, पण माझं रक्त नको. मी फोन ठेवला आणि रस्त्यानं नुसता चालत सुटलो. सायकलच्या दुकानावरची माझी खोली मागे राहिली, बाजार मागे राहिला, पायाला भिंगरी लागली होती. इतकी वर्षं मी गोळी चुकवलेली नाही, कामावर खाडा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. तरी घरच्यांच्या लेखी मी अजून त्याच दिवसात आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि शेजारच्या रेडिओशी भांडत होतो, तिथेच तुम्ही मला सोडून पुढे गेलात.

शेवटी मला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन थांबलो. त्यांनी आधी पाणी दिलं. मग विचारलं, "झाडाची कुठली फांदी कापायची हे तुम्ही कसं ठरवता?"

मी म्हटलं, मी नाही ठरवत. आमचा मुकादम खालून झाड निरखतो आणि फांदीवर चुन्याची खूण करतो. मी दोर बांधून वर चढतो. खूण असेल ती कापायची, नसेल ती ठेवायची. खूण करणारा कापत नाही आणि कापणारा खूण करत नाही, आमच्याकडे हा पक्का नियम आहे.

"मग तुम्हाला पटकन समजेल," त्या म्हणाल्या. लहानपणी मेंदूत जोडण्या भाराभर असतात. वयात येताना त्यातल्या नको त्या छाटल्या जातात. खूण करतं ते प्रतिकारशक्तीचंच एक प्रथिन, एरवी जंतूंवर खूण करणारं. काहींच्या जनुकांमुळे हा चुना जरा जास्त बनतो. त्यांच्यात छाटणी जास्त होत असावी आणि त्यामुळे आजाराचा धोका थोडा वाढत असावा. असावी, असावा, असं त्या सारखं म्हणत होत्या. मी म्हटलं, बाई, एकदा तरी 'आहे' म्हणा. त्या म्हणाल्या, "आहे एवढंच आहे की असा जादा चुना असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात."

बोनमॅरोतून आजार जातो का, हेही विचारलं. तुझ्यापासून लपवत नाही. एकदोन रुग्णांच्या गोष्टी छापून आल्या आहेत, एक इकडची, एक तिकडची, त्यावरून कुणी काही ठरवत नाही. त्या म्हणाल्या, "खात्री मी देणार नाही. पण त्या भीतीपायी हातातला उपाय सोडू नये."

तुझा आजार दबलेला आहे तोवरच हे करायला हवं असं तुझे डॉक्टर म्हणतात. म्हणजे रुसून बसायलाही वेळ नाही. ताई, मला तुझा भयंकर राग आलाय आणि मला तू हवी आहेस. दोन्ही एकदम.

शेपूट


३० जानेवारी

ताई,

काळजी सोड. मार्ग सापडलाय. काय ते आत्ता सांगत नाही, तू लगेच भावोजींना सांगशील, भावोजी डॉक्टरीणबाईंना, आणि मग सगळे मिळून माझ्या डोक्यावर बसतील. एवढंच सांगतो की तुला स्वच्छ माल मिळेल. तुझ्या मनात किंतु आहे तो माझ्या रक्ताबद्दल ना? मग रक्तच निवळून दिलं तर?

मला फार बरं वाटतंय. इतकी वर्षं अंगावर ओलं ब्लँकेट होतं ते कुणीतरी काढलंय. हात हलके झालेत. झोप कमी लागते, पण लागायला हवीच असं कुठे लिहिलंय? कामं भराभर उरकतात. मुकादम म्हणाला, "आज काय पेट्रोल पिऊन आलास?" मी म्हटलं, नाही, उलट पेट्रोल सोडलंय. तो हसला. त्याला कळलं नाही. त्याला कळेल अशी अपेक्षाही नाही, तो चांगला आहे, पण त्याला फक्त झाडं कळतात.

एक सांगू? खुणा झाडांवरच असतात असं मला वाटायचं. तसं नाही. नीट पाहिलं की दिसतात. विजेच्या खांबावर आहे. सायकलच्या दुकानाच्या फळीवर आहे. काल बसमध्ये एका बाईच्या खांद्यावर होती, बारीकशी, तिला ठाऊकही नव्हतं. मी सांगणार होतो, पण ती उतरली. कुणाच्या वाट्याची कात्री कुणाकडे आहे ते आधीच ठरलेलं असतं. तुझ्यावर आहे की नाही हे मला इथून दिसत नाही, म्हणून जिवाची नुसती घालमेल चाललीय. मी ती पुसू शकतो. मला वाटतं मी पुसू शकतो. तू फक्त थांब.

लिहीत राहिलं तर हात थांबणार नाही, म्हणून इथेच थांबवतो.

शेपूट


९ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नाही, फाडू नकोस. भाचीनं वाचलं तरी चालेल असं आता मला वाटतं, का ते खाली लिहितो.

मी गोळ्या बंद केल्या होत्या. तोच तो मार्ग. मला वाटलं, तुला माझ्या रक्तातल्या आजाराची किळस आहे, निदान त्यातली औषधं तरी निघून जावीत, म्हणजे आई जसं पाणी गाळून द्यायची तसं रक्त गाळून देता येईल. आई म्हणायची ना, याच्या डोक्यात एक खोली जास्तीची आहे? त्याच खोलीत ही अक्कल जन्मली.

कसं थांबलं ते सांगतो. शाळेसमोरच्या रस्त्यावर आमचं काम होतं. तिथे एक मोठं झाड आहे, सावलीचं. मुकादमानं त्याच्या मोजक्या फांद्यांवर चुना लावला आणि तो पुढच्या झाडाकडे गेला. मी वर चढलो. मला आणखी खुणा दिसायला लागल्या. या फांदीवर, त्या फांदीवर, शेंड्यावर. मी कापत सुटलो. खाली फांद्यांचा ढीग पडला, वाहनं थांबली, मी थांबलो नाही. मुकादम धावत आला आणि खालून ओरडला, "अरे, करवत टाक! टाक आधी!"

मी उतरलो. झाडाचा नुसता खुंट उरला होता, हात तोडलेल्या माणसासारखा. मुकादमानं माझ्या हातातून करवत काढून घेतली. मला वाटलं कानाखाली देईल. त्यानं एकेक फांदी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "यावर चुना नाही. यावरही नाही. खूण कुणी केली?"

"मी."

"आणि कापली कुणी?"

"मीच."

"मग तू बागखात्यात कशाला आलास? वादळाकडे नोकरीला जा, तिथं खूण आणि कापणं एकाच हातात असतं."

तो एवढंच बोलला, आणि मी करवत परत मागितली नाही. कारण घरी टेबलावर गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली होती. बंद करायच्या हे ठरवलं मी. बंद केल्याही मीच. मुकादमाला म्हटलं, मला दवाखान्यात घेऊन चल. त्यानं झाडाखाली दोन कामगार उभे केले आणि बागखात्याच्या गाडीतून, फांद्यांच्या ढिगावर बसवून घेऊन गेला. मिरवणूकच होती म्हण.

डॉक्टरीणबाई चिडल्या. त्यांना चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. "गोळीनं रक्त नासतं असं तुम्हाला सांगितलं कुणी? रक्त द्यायच्या आधी औषधाचं काही बदलायचं असतं तर मी आणि तिकडच्या डॉक्टरांनी बसून ठरवलं असतं." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आठवडाभर तिथेच ठेवून घेतलं. खुणा पुसट झाल्या आहेत, खांबांवरच्या तर गेल्याच. पण मी पूर्ण स्थिर आहे याची खात्री पटेपर्यंत त्या होकार देणार नाहीत. महिनाभर तरी लागेल म्हणतात.

आणि तुझ्याकडे महिना आहे का? हे मी कुणाला विचारू? तुला वाचवायला निघालो आणि तुझाच वेळ खाल्ला. मला इतकी लाज वाटतेय, ताई.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू की नको, असं माझं फार चाललं होतं. पडल्या पडल्या माझ्या डोक्यात आलं आणि मी रक्त जुळवणाऱ्या बाईंना फोन लावून विचारलं की, तो जादा चुना बनवणारा तुकडा असतो कुठे? त्या म्हणाल्या, त्याच माळेत, मधोमध. म्हटलं, मग माळा जुळल्या म्हणजे? तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "म्हणजे तो तुकडाही तोच आहे असं धरायचं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जे माझ्याकडून तुझ्याकडे येईल म्हणून तू घाबरतेस, ते जन्मापासून तुझ्याजवळ आहे. माझ्यावर होता तेवढाच चुना तुझ्यावरही होता. तरी तू शिकलीस, शाळेत शिकवलंस, संसार केलास, मला परदेशात पाठवलंस. आणि मी रेडिओशी भांडलो. असं का झालं? बाई म्हणतात, बाकी कितीतरी जनुकं तुझी वेगळी, माझी वेगळी, शिवाय नशीब, शिवाय ठाऊक नसलेलं बरंच काही. त्या माळेपुरतं बोलायचं तर माझ्यात असं काही नाही जे तुझ्यात नाही.

हे वाचून तुला हायसं वाटेल की धडकी भरेल, मला कळत नाही. कारण तुझ्या दोन माळांपैकी एक भाचीकडे गेलीय. म्हणून लिहायला हात धजत नव्हता. पण लपवून ठेवलं तर माझ्यात आणि त्या परदेशात फरक काय?

शेपूट


२१ फेब्रुवारी

ताई,

काल भाचीचा फोन आला. आवाज हुबेहूब तुझा, पंधराव्या वर्षीचा. पहिलंच वाक्य, "मामा, तिकडे किती वाजलेत?"

माझी त्रेधा उडाली. कुठल्या देशाची वेळ सांगू? शेवटी म्हटलं, "तुमच्याकडे वाजलेत तेवढेच."

ती खदखदून हसली. "मला माहितीये. आजी गेली तेव्हा मागच्या दाराशी मी तुझ्या चपला पाहिल्या होत्या, चिखलानं माखलेल्या. विमानातून उतरलेल्या माणसाच्या चपला अशा असतात का?"

म्हणजे इतकी वर्षं पोरीला ठाऊक होतं, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती. तुझीच लेक.

मग तिचा आवाज बदलला. तुझ्या उशाशी बसून माझी पत्रं तिनंच तुला वाचून दाखवली म्हणाली, तुझे डोळे दुखतात म्हणून. "मामा, खरं सांग. मलाही होईल का?"

ताई, मी झाडावर घाबरत नाही. या प्रश्नाला घाबरलो. 'छे, काहीतरीच' असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, "बहुतेक नाही होणार. पण मला नक्की माहीत नाही, आणि कुणी नक्की सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

"आणि झालं तर?"

"झालं तर लपवू नकोस. मी लपवलं, म्हणून फार उशिरा कळलं. मला तो रस्ता पाठ आहे. कुठे खड्डा आहे, कुठे दवाखाना आहे, कुठल्या वळणावर माणूस चुकतो. तू एकटी जाणार नाहीस."

ती म्हणाली, "पण त्यासाठी तुला इथे यावं लागेल. परदेशातून कसा येशील?"

फोन ठेवल्यावर मी माझ्या चपला धुतल्या.

माझं ठीक आहे. कामावर जातो, पण मुकादम मला झाडावर चढू देत नाही. खाली उभा राहून दोर धरतो. शाळेसमोरच्या त्या खुंटाकडे रोज बघून येतो. अजून पालवीचं काही नाही.

आता भीड सोडून लिहितो. मला तू मरायला नको आहेस. माझं रक्त घे, नाहीतर दुसऱ्या कुणाचं मिळालं तर ते घे. पण माझ्या भीतीनं मरू नकोस. तेवढं ओझं मला झेपणार नाही.

शेपूट


१६ एप्रिल

शेपटा,

हात थरथरतो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं कुठे मोत्यासारखं आहे?

नर्सनं आज कागद-पेन आत येऊ दिलं. गाळलेल्या हवेच्या या खोलीत माणसांना मज्जाव आहे, म्हणून तू तीन भिंतींपलीकडे दोन्ही हातांत सुया घेऊन पेशी देत बसलास तरी मला दिसला नाहीस. पिशवी तेवढी दिसली. एवढीशी होती. मी तुझ्या भावोजींना काचेतून खुणेनं विचारलं, बस्स, एवढंच? इतके दिवस आपण दोघं ज्याच्यावरून भांडलो ते एवढंच?

आज डॉक्टर सांगून गेले की तुझ्या पेशी रुजल्या. त्यांनी हाच शब्द वापरला, रुजल्या. तू असतास तर त्यांना खताचं प्रमाण विचारलं असतंस.

तुझी डॉक्टरीण होकार देईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. माझा आजार तेवढा वेळ दबून राहिला, माझं नशीब. मी हो का म्हणाले ते सांगते. तुझ्या त्या चुन्याच्या पत्रानं नाही. त्यानं तर मी रात्रंदिवस लेकीच्या तोंडाकडे बघत बसले. ती तुझ्याशी फोनवर बोलली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, मामाला ठाऊक नव्हतं तर तो ठाऊक नाही म्हणाला. तू मला इतकी वर्षं त्याचा देश सांगत होतीस." शाळेत मी इतक्या पोरांना उभं केलं, पण मला असं कुणी उभं केलं नव्हतं.

मी भ्याले होते रे. तुला तसं रेडिओशी भांडताना पाहिलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि आपल्या घरात हे पुन्हा कुणाला होईल या धास्तीनं मी तुलाच घरातून वजा केलं. फार वाईट वागले. भीती अजून पूर्ण गेलेली नाही. पण आता ती लेकीला, तुला आणि मला अशी तिघांत आहे, म्हणून तिचा भार कमी लागतो.

सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं. म्हटलं, भाऊ इंजिनिअर नाही, बागखात्यात आहे, आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे, आणि त्याच्यामुळे मी आहे. त्या म्हणाल्या, "बागखात्यात आहे? मग आपल्या कुंड्या एवढी वर्षं अशा का मरतात?"

आता एक सांगते, डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. तुझं रक्त आल्यापासून मला एक लक्षण जाणवायला लागलंय. खिडकीबाहेर एक झाड आहे. आधी मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता सकाळी उठल्यापासून मला सारखं वाटतं, याची डावीकडची फांदी कुणीतरी चुकीची छाटलीय.

हस आता. मीही हसतेय, नर्स बघतेय.

घरी जायला अजून वेळ आहे. अंगणातलं झाड वेडंवाकडं वाढलंय, छपरावर टेकायला आलंय. गेल्यावर खूण मी करीन. कापायला तू ये.

समोरच्या दारानं.

ताई